बाळाचा हात लुळा : ‘नस दबली आहे, येईल हळूहळू’ याच्या पुढे काय सांगता?

रामबागी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा मुख्यतः इंदूर, देवास, धार, खरगोन पट्ट्यात नवजात बाळं बघणाऱ्यांसाठी आहे, पण इतरांनीही जरूर लिहावं.

बाळंतपणात मानेतल्या नसा ताणल्या जाऊन हात लुळा पडलेलं बाळ काही दुर्मीळ नाही. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन. त्यातली बरीच बाळं आपणहून सुधारतात आणि तेच आपल्याला आळशी करतं. डिस्चार्जच्या कागदावर ‘एर्ब्ज पाल्सी (मानेतल्या वरच्या नसा ताणून लुळा पडलेला हात), पालकांना धीर दिला’ एवढं लिहून आपण मोकळे. घरचे धीर धरतात, खरोखरच धरतात, आणि सातव्या-आठव्या महिन्यात आत वळलेला ताठर खांदा घेऊन येतात. तोवर नसेच्या ऑपरेशनची चांगली वेळ निघून गेलेली असते आणि खांद्याचा सांधाही बिघडू लागलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच की ‘थांबा’ हा सल्ला तारखेशिवाय देऊ नये. कुठल्या तारखेला काय बघायचं आणि ते दिसलं नाही तर कुठे जायचं, हे घरी जाताना लेखी द्यावं. त्या कागदावर काय असावं?

सुरुवात पहिल्या दिवसाच्या तपासणीपासून करतो. बाळ उघडं, उबेत, उताणं. दोन मिनिटं हात न लावता नुसतं बघायचं. सी५-सी६ (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या पाच मुळांपैकी वरची दोन) गेलं असेल तर दंड अंगाला चिकटलेला, आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागे. सी७ पण गेलं असेल तर मनगट वाकलेलं (पुस्तकातला मागे हात करून टिप घेणारा वेटर तो हाच). मग मोरो (दचकल्यावर दोन्ही हात फाकणं) : एक हात उघडतो, दुसरा पडून राहतो. मग तळव्यात बोट. मूठ वळली तर खालच्या नसा शाबूत आहेत. मूठही वळत नसेल आणि अख्खा हात चिंधीसारखा असेल तर पाचही मुळं, सी५ ते टी१, धरली गेली आहेत असं समजायचं.

आणि दोन गोष्टी हमखास राहून जातात : डोळा आणि श्वास. त्या बाजूची पापणी किंचित खाली आणि बाहुली लहान असेल तर ते हॉर्नर (डोळ्याकडे जाणाऱ्या नसा बिघडल्याची खूण). टी१ मूळ कण्यापासूनच उपटलं गेल्याची ती शंका, म्हणजे हे बाळ वाट बघत बसायचं नाही. बाहुलीतला फरक मंद उजेडात जास्त कळतो; वॉर्मरच्या झगझगाटात दोन्ही बाहुल्या बारीकच दिसणार.

---

लेबररूमवाली सिस्टर

श्वासाबद्दल लिहायचं राहिलं सर. सी३-४-५ मधून श्वासाच्या पडद्याची (छाती आणि पोटामधल्या) नस जाते. हात लुळा आणि श्वास ६० च्या वर, दूध ओढताना दमतंय, तर ‘ओलं फुप्फुस आहे (जन्मावेळचं पाणी राहिलंय), उतरेल’ म्हणून सोडू नये. त्या बाजूचं पोट श्वास घेताना फुगायच्या ऐवजी आत जातं का ते बघायचं.

---

रामबागी

बरोबर, धन्यवाद. एक्स-रेत पडदा वर चढलेला दिसतो, पण बाळ व्हेंटिलेटरवर असेल तर दाबामुळे तो खाली ढकललेला राहतो आणि फसवतो. बाळ स्वतः श्वास घेत असताना सोनोग्राफीत पडदा हलताना बघणं उत्तम.

---

इंटर्न आहे हो

बाळ हात हलवत नाही = नस गेली, असं सरळ धरायचं का?

---

सावली (सोनोग्राफीवाली)

नाही! हा प्रश्न विचारलास ते बरं केलंस.

हात न हलवणारं बाळ दुखतंय म्हणूनही हलवत नसेल. कॉलरबोन मोडलं असेल, दंडाचं हाड मोडलं असेल, किंवा दंडाच्या वरच्या टोकाची वाढीची चकती सरकली असेल. ही शेवटची एक्स-रेत सापडत नाही, कारण त्या वयात हाडाचं डोकं अजून कूर्चेचं असतं, फिल्मवर उमटतच नाही. ती सोनोग्राफीतच दिसते. आणि एकाने दुसरं सुटत नाही : कॉलरबोन मोडलेलं आणि नसही ताणलेली, असं एकाच बाळात असू शकतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आईला विचारायचा : “हात जन्मल्यापासून हलत नाही, की आधी हलत होता आणि मग थांबला?” जन्मापासून असेल तर नस किंवा मोड. आठ-दहा दिवस छान हलवत होतं आणि आता हलवत नाही, डायपर बदलताना हात लागला की किंचाळतंय, तर सांध्यात पू झालाय असं धरून त्याच दिवशी सोनोग्राफी आणि सांध्यात सुई घालून पू तपासणं. ताप नसला तरी. नवजात बाळ सेप्सिसमध्ये (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गात) तापेलच असं नाही, उलट थंडही पडतं. ‘एर्ब्ज’ म्हणून पाठवलेलं हे बाळ फिजिओकडे गेलं की दोन दिवसांत सांधा जातो.

---

भूलभुलय्या

आईला विचारायचा तो प्रश्न, हे धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य सावलीताईंनी लिहिलंच आहे. वाचनखूण साठवली.

---

कोपर काटकोनात (फिजिओ)

रामबागी सर, तारखांचं शंभर टक्के पटलं. पण एक भांडण आहे. तुमच्याकडून येणाऱ्या कागदांवर ‘तीन आठवडे विश्रांती, मग फिजिओ’ लिहिलेलं असतं. हाड मोडलेलं नसेल तर तीन आठवडे कशासाठी? नसेला विश्रांती हवी हे कबूल, पण मानेला ताण न देता खांदा-कोपर हळू फिरवल्याने नस ताणली जात नाही. मान एकीकडे आणि हात दुसरीकडे ओढला तर ताणली जाते. हाड मोडलेलं असेल तर तीन आठवडे मान्य.

---

रामबागी

पहिले ७ ते १० दिवस सूज आणि दुखणं असतं, तेवढे सोडावेत असं मी शिकलो. तीन आठवडे मीही लिहीत नाही. तो कागद दुसऱ्या कुणाचा.

---

टाकेवाला (प्लास्टिक सर्जन)

दोघंही जवळपास एकच बोलताय. पहिल्या आठवड्यात शिकवायचं, दहाव्या दिवसापर्यंत सुरू झालेलं असायचं. मोड असेल तर तीन आठवड्यांनी. हा वाद इथेच थांबवा, कारण खरा घोळ व्यायाम कधी यात नसतो, कसा यात असतो. कोपरताई, तो बाहेर वळवण्याचा व्यायाम एकदा नीट लिहा. निम्मे लोक चुकीचा करतात.

---

कोपर काटकोनात

लिहिते.

आधी कारण. सी५-सी६ गेलं की दंड बाहेर वळवणारे स्नायू बंद पडतात. आत वळवणारे (छातीचा मोठा स्नायू, पात्याखालचा सबस्कॅप्युलॅरिस) चालू राहतात, कारण त्यांना खालच्या मुळांकडूनही पुरवठा असतो. रस्सीखेचीत एका बाजूची माणसं निघून गेली आणि दुसरी बाजू चोवीस तास ओढतेय, असं. म्हणून खांदा आत वळतो, तसाच आखडतो, आणि हाडाचं डोकं मागच्या बाजूला सरकायला लागतं. नस परत आली तरी सरकलेला सांधा आपोआप जागेवर येत नाही.

कृती : बाळ उताणं, पोट भरलेलं पण अगदी दूध पिऊन उठलेलं नको. दंड बरगड्यांना टेकलेला. कोपर काटकोनात. एका हाताच्या तळव्याने खांद्याचं पातं पुढून-मागून असं धरायचं की ते जमिनीवरून उठणार नाही. दुसऱ्या हाताने कोपराच्या खाली धरून हात दाराच्या फळीसारखा बाहेर उघडायचा. जिथे अडेल तिथे थांबून हळू दहा अंक मोजायचे. पाच वेळा. दर डायपरला, म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा होतंच, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

चुका :
पातं धरलेलं नसतं. मग सगळी हालचाल पात्यातून होते, हात बाहेर गेल्यासारखा दिसतो आणि सांधा मात्र जागचा हलत नाही.
मनगट धरून फिरवतात. लांब दांड्याने स्क्रू पिळल्यासारखं होतं, ताण कोपरावर आणि हाडावर जातो.
तळवा वर करायला जोर लावतात. जोराने वारंवार केलं तर कोपराजवळ रेडियसचं (अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं) डोकं सरकतं. तळवा हलकेच वर करायचा, अडला की सोडायचा.
बाळाला रडवतात. रडणारं बाळ सगळे स्नायू आवळतं, मग तुम्ही व्यायाम नाही, कुस्ती करताय.

हात कानापर्यंत वर नेणं आहेच, पण तेही पातं धरून. कोपर पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकवणं, मनगट मागे, बोटं उघडणं, अंगठा बाजूला. पुतळ्यासारखा हात वर बांधून ठेवायची जुनी पट्टी आता वापरू नये. त्याने उलटीकडचं आखडतं.

---

जचकी (स्त्रीरोग)

सविस्तर आणि सुंदर. आता जरा कडू बोलते.

बालरोगवाल्यांच्या कागदावर ‘डोकं ओढल्यामुळे झालेली इजा’ असं वाचलं की राग येतो. तुम्ही तिथे होतात का? खांदा अडकला होता का, कुठला खांदा पुढे होता, डोकं बाहेर आल्यापासून अंग बाहेर यायला किती मिनिटं लागली, हे आमच्या नोंदीत बघा आणि मग लिहा. अर्ध्याहून जास्त बाळांत आधी कळेल अशी कुठलीच जोखीम नसते. सीझरमध्येही होतं, कमी होतं पण होतं. मागच्या खांद्याच्या बाजूलाही होतं. तिथे तर कुणी ओढलेलंच नसतं.

---

रामबागी

मान्य. ‘प्रसूतीशी संबंधित ब्रेकियल प्लेक्सस (मानेतलं नसांचं जाळं) इजा’ असं लिहावं, कारण लिहू नये. पण मग तुमच्या नोंदीत पुढचा खांदा उजवा की डावा हे असायला हवं ना. बऱ्याचदा ‘प्रसूती अवघड झाली, बाळ रडले’ इतकंच असतं.

---

जचकी

तोही टोमणा पोचला. 🙂 असायलाच हवं. वेळ, क्रम, पुढचा खांदा, कुणी काय केलं : चार ओळींचं काम आहे.

आणि इथे सिस्टर मंडळी आहेत म्हणून लिहिते. डोकं बाहेर येऊन परत आत खेचल्यासारखं झालं, गाल योनीमुखावर दाबले गेले, की ओढणं बंद, जोर लावायला सांगणं बंद, मदत बोलवा. दोन बायकांनी आईच्या दोन्ही मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडायच्या. एकीने जघनाच्या हाडाच्या वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने, तळव्याच्या टाचेने दाब द्यायचा, म्हणजे पुढचा खांदा तिरका होऊन सुटतो. बरीच बाळं एवढ्यावर निघतात. नाही निघालं तर मागचा हात काढायचा किंवा आतून खांदे फिरवायचे.

पोटाच्या वरच्या टोकावर चढून दाबणं हा गुन्हा समजा. अडकलेला खांदा त्याने आणखी हाडावर आपटतो. एपिझिओटमीनेही (योनीमुखाला छेद देऊन) खांदा सुटत नाही, अडकलेलं हाडावर असतं, कातडीवर नाही. आत हात घालायला जागा हवी असेल तरच.

---

भूलभुलय्या

पोटावर चढणारी माणसं म्हणजे कुकरची शिट्टी अडकली की झाकणावर बसणारी.

---

विश्वामित्रीकाठ (ऑक्युपेशनल थेरपी, बडोदे)

बडोद्याहून जय श्रीकृष्ण. आमच्याकडे आणि तुमच्याकडे एक गोष्ट सारखीच दिसते : मालिशवाली. तेल लावून झालं की ती बाळाचा उजवा हात नि डावा पाय धरून एकमेकांवरून ओढते, मग उलट, मग दोन्ही हात छातीवर कात्रीसारखे. लुळ्या हाताला ही नेमकी उलटी दिशा आहे. हात छातीवरून पलीकडे नेणं म्हणजे आत वळवणं, जे आधीच आखडतंय तेच रोज सकाळी अर्धा तास पक्कं करणं. शिवाय शेवटी दोन्ही हात धरून लोंबकळवतात.

मालिश बंदच करायला सांगावं का?

---

कोपर काटकोनात

मी बंद सांगते.

---

लेबररूमवाली सिस्टर

तुम्ही बंद सांगता आणि घरी चालू राहतं, तेही न विचारता, म्हणजे अजून वाईट. सासू म्हणणार, “चार पोरं अशीच मोठी केली.” मालिशवालीलाच बोलवा. तिच्या हातात कला आहे, बाळ तिच्याकडे रडत नाही. तिला तीन गोष्टी सांगा : कात्री नाही, लोंबकळवणं नाही, आणि तेल लावून झालं की हा ‘दार उघडायचा’ व्यायाम पाच वेळा. दोन मिनिटांत शिकते. तीन महिने रोज येणारी फिजिओ फुकटात मिळाली.

आणि धुरी-शेक विसरू नका. शेगडीवर ओवा-शेपा टाकून बाळाला शेकतात, तव्यावर गरम केलेल्या फडक्याने अंग शेकतात. ज्या हाताला संवेदना नाही तो चटका बसला तरी बाळ मागे घेणार नाही. रडणारही नाही. फोड आला की कळतं. लुळ्या हाताला शेक अजिबात नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. पुढे दात आले की हीच बाळं आपलीच बोटं चावून जखमी करतात, कारण दुखत नाही. बोटांवर पातळ सुती मोजा.

रोजच्यातलं :
झबलं घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी.
बगलेत हात घालून उचलायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली-पाठीखाली, लुळा हात छातीवर घेऊन.
दुपट्यात घट्ट गुंडाळून हात अंगाला बांधून ठेवायचे नाहीत. कॉलरबोन मोडलेलं असेल तर पहिले काही दिवस बाही झबल्याला पिन करायची तेवढीच, आणि पिन आतल्या बाजूला उघडणार नाही अशी.
पाजताना हात बाळाच्या पाठीमागे लटकत राहतो. तो पुढे घ्यायचा, आईच्या आणि बाळाच्या मध्ये.

---

कोपर काटकोनात

मालिशवालीचं पटलं. शब्द मागे घेते.

---

इंटर्न आहे हो

‘नस’ म्हणजे लोकांना शीर वाटते, काहींना स्नायूबंध. ‘नस दबली’ म्हटलं की पालक नस बसवणाऱ्या पहलवानाकडे जातात. काय शब्द वापरावा?

---

टाकेवाला

लाख मोलाचा प्रश्न. ‘दबली’ हा शब्दच सोडा. दबलेली गोष्ट कुणीतरी उचलून बसवेल असं वाटतं. ‘वायर ताणली गेली आहे’ म्हणा, सगळ्यांना कळतं. मग तीन शक्यता : वायर आतून शाबूत, फक्त करंट थांबलाय (आठवड्यांत परत येतो). आतली तार तुटलीय पण वरचं रबर शाबूत (रोज साधारण एक मिलिमीटर वाढत महिन्यांत येते). वायरच तुटलीय किंवा बोर्डातून उपटलीय (ती आपणहून जोडली जात नाही). पहिल्या दिवशी यातलं काय झालंय ते कुठल्याही मशीनने खात्रीने कळत नाही. बाळ काय करतं आणि कधी करतं यावरूनच कळतं. म्हणून तारखा.

ईएमजीबद्दल (स्नायूतल्या विजेची तपासणी) : लहान बाळात तो फार आशावादी अहवाल देतो. स्नायूत सिग्नल दिसतात आणि हात मात्र उचलत नाही. त्या कागदावर विसंबून ऑपरेशन पुढे ढकललेली बाळं येतात. एमआरआयही पहिल्या महिन्यात सगळ्यांना नको. मूळ उपटल्याची शंका असेल तर ऑपरेशनच्या आधी, कण्याजवळ पाण्याची पिशवी दिसते का ते बघायला.

मिथाइलकोबालामिनचे (बी१२ जीवनसत्त्वाचे) थेंब लिहायचे असतील तर लिहा, पण त्याने तुटलेली वायर जुळत नाही, आणि ‘औषध चालू आहे’ या समाधानात तारीख मात्र हुकते.

---

भूलभुलय्या

अवांतर : जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म. जन्म १८५९, पायाळू, डावा हात असाच गेलेला. त्या हातावर उपाय म्हणून नुकत्याच मारलेल्या सशाच्या गरम अंगात हात खुपसायचे, विजेचे झटके द्यायचे, चांगला हात बांधून ठेवायचे. पुढे आयुष्यभर फोटोत डावा हात हातमोजे नाहीतर तलवार धरून लपवलेला. आपल्या पहलवानाला फार नावं ठेवू नका, राजवैद्यही त्याच पंगतीतले होते.

---

विश्वामित्रीकाठ

आणि ड्युशेनने हे १८७२ मध्ये, एर्बने १८७४ मध्ये लिहून ठेवलं होतं. विल्हेल्म तेव्हा किशोरवयात. उशीर झालाच.

---

रामबागी

गाडी रुळावर आणतो. टाकेवाले, तीन महिन्यांचा निकष लिहा. त्यावरच सगळे भांडतात.

---

टाकेवाला

भांडणासकट लिहितो.

अख्खा हात लुळा + हॉर्नर : भांडण नाही. पहिल्याच महिन्यात केंद्राकडे (ही नसेची ऑपरेशनं करणाऱ्या), ऑपरेशन साधारण तीन महिन्यांच्या सुमारास.

वरच्या नसा : बाळाला बसतं धरून किंवा आडवं ठेवून, कोपर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वाकतं का? दोन महिन्यांच्या आत वाकलं तर हात बहुधा पूर्ण येतो. तीन महिने पूर्ण झाले आणि दंडाचा बेटकुळीचा स्नायू मुळीच उठत नाही, तर ऑपरेशनचा विचार करा, हा गिल्बर्ट-तासाँ या फ्रेंच सर्जनांचा निकष. दुसरी शाळा म्हणते, एकट्या बेटकुळीवर निर्णय चुकतो. तिथे टोरंटो गुण : कोपर वाकवणं, कोपर सरळ करणं, मनगट उचलणं, बोटं उघडणं, अंगठा उघडणं. प्रत्येकाला ० ते २. एकूण १० पैकी ३.५ पेक्षा कमी असेल तर ऑपरेशन. मधल्या बाळांना आणखी वेळ द्यायचा आणि नऊ महिन्यांनी बिस्किट द्यायचं.

---

इंटर्न आहे हो

बिस्किट? ऑपरेशनऐवजी?

---

टाकेवाला

चाचणी आहे रे. लुळ्या बाजूच्या हातात मऊ बिस्किट द्यायचं आणि दंड अंगाला धरून ठेवायचा. बाळाने मान ४५ अंशांपेक्षा जास्त न वाकवता ते तोंडात नेलं तर पास. दंड का धरायचा? न धरल्यास बाळ कोपर बाजूला उचलून, तुतारी वाजवल्यासारखं हात तोंडाशी नेतं, आणि आई म्हणते, ‘बघा, खातोय की.’ खातोय, पण बेटकुळीने नाही, खांद्याच्या हिसक्याने.

सहा महिन्यांना रुमाल : चेहऱ्यावर हलका रुमाल टाकायचा, चांगला हात धरायचा, लुळ्या हाताने ओढून काढतो का बघायचं.

---

भूलभुलय्या

इंदुरात बिस्किट चाचणी चालणार नाही. जिलबी द्या. जिलबीसाठी इथलं पोर उपटलेल्या मुळांनीसुद्धा कोपर वाकवेल आणि तुमचा निकाल चुकेल.

गंभीरपणे : तीन-चार महिन्यांच्या बाळाचं हे ऑपरेशन भूल देणाऱ्यासाठी अडचणीचं. तो हात आणि मान सर्जनला, पोटरीची संवेदनेची नस कलमासाठी घ्यायची म्हणून दोन्ही पाय सर्जनला. सलाईन, बीपीचा पट्टा, ऑक्सिजनचा प्रोब, सगळं एका उरलेल्या हातावर. वर सर्जन मधे नसेला विजेचा स्पर्श देऊन स्नायू उडतो का बघणार, त्यामुळे लांब टिकणारं स्नायू शिथिल करणारं औषध चालत नाही. आणि अनेक तास. म्हणून ‘जवळच्या नर्सिंग होममध्ये करून घेऊ’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. नवजात आणि लहान बाळांची भूल रोज देणारी जागा हवी.

---

टाकेवाला

+१. नसेवर धरलेली गाठ कापून कलम लावतो, किंवा जवळची चालू नस वळवतो : खांदा वर उचलणाऱ्या स्नायूची नस खांद्याच्या नसेला, उलनार (करंगळीकडे जाणाऱ्या) नसेतला एक धागा बेटकुळीला. नंतर साधारण तीन आठवडे हात अंगाला बांधलेला. पहिली हालचाल चार-सहा महिन्यांनी दिसते, पूर्ण हिशोब दोन-तीन वर्षांनी. ऑपरेशन करून आठव्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्या आजोबांना हे आधी सांगून ठेवा.

---

सावली

सगळे नसेकडे बघताय, खांदा परत विसरलात. बाहेर वळणं दर भेटीला अंशात मोजून लिहा. मागच्यापेक्षा कमी झालं, काखेच्या घड्या दोन्हीकडे सारख्या नाहीत, दंड आखूड वाटतो, फिरवताना कट्ट होतं, यातलं काहीही असेल तर खांद्याची मागच्या बाजूने सोनोग्राफी. आल्फा कोन (पात्याच्या रेषेपासून दंडाच्या डोक्यापर्यंत मोजलेला) ३० अंशांच्या वर असेल तर दंडाच्या हाडाचं डोकं मागे सरकतंय. तिसऱ्या महिन्यातही सापडतं. एक्स-रे काढून ‘नॉर्मल’ असं लिहू नका. कूर्चा दिसत नाही हे वर लिहिलंच आहे. वेळेत सापडलं तर आत वळवणाऱ्या स्नायूंत बोट्युलिनम (स्नायू काही काळ सैल करणारं इंजेक्शन) देऊन, खांदा बाहेर वळवून प्लास्टर करता येतं. उशीर झाला की स्नायू वळवण्याची ऑपरेशनं.

---

इंटर्न आहे हो

एकच शेवटचा प्रश्न. चेहऱ्याची नस? रडताना तोंड वाकडं होतं ती बाळं?

---

रामबागी

थोडक्यात : डोळा मिटतो का ते बघ. डोळाही मिटत नाही आणि नाकापासून ओठापर्यंतची घडीही नाही, तर चेहऱ्याची नस. दाबाने झालेली असेल तर बहुतेक आठवड्यांत येते, तोवर डोळ्यात कृत्रिम अश्रू आणि रात्री मलम. डोळा छान मिटतो, कपाळ हलतं, फक्त रडताना एक ओठ खाली जात नाही, तर तो ओठाचा स्नायूच जन्मतः कमी असतो. नस ठीक असते. त्या बाळाचं हृदय मात्र तपास.

आणि फक्त मनगट लोंबतंय, खांदा-कोपर उत्तम, दंडाच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली कडक गाठ किंवा काळपट डाग : ती रेडियल नस (मनगट उचलणारी). मानेतलं जाळं नाही. ती सहसा चांगली येते.

---

लेबररूमवाली सिस्टर

सर, मूळ प्रश्नावर येऊ? कागद वेगळा द्यायचाच नाही. हरवतो. बडवानी-झाबुआहून आलेली बाई एका कागदासाठी दीडशे किलोमीटर येणार नाही, पण टीकाकरणाला (लसीकरणाला) जाते. तारखा त्यावरच बसवा. जच्चा-बच्चा कार्डावरच लिहा. आणि आशा घरी ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी जातेच.

---

रामबागी

हे फार मोलाचं. बसवून बघतो :

आशाची २८ व्या दिवसाची भेट : दोन्ही हात सारखे हलत नसतील तर केंद्राकडे. थांबायचं नाही. (कॅनडाची २०१७ ची मार्गदर्शक सूचनाही एका महिन्याच्या आत धाडा असंच सांगते.)
६ आठवड्यांची लस : कोपर वाकतं का? बाहेर वळणं किती अंश?
१० आठवडे : तेच. पापणी, बाहुली परत.
१४ आठवडे : निर्णयाची भेट. कोपर वर वाकत नसेल तर सर्जनने बघितलेलंच असायला हवं. खांद्याची सोनोग्राफी.
९ महिने, गोवर-रुबेला : बिस्किट (किंवा जिलबी).

---

टाकेवाला

१४ आठवड्यांना पहिल्यांदा धाडू नका, तेव्हा मला दुसऱ्यांदा भेटायचं असतं. कार्डावर तसं लिहा. बाकी उत्तम.

---

जचकी

बीसीजी डाव्या दंडावर देतात. डावा हात लुळा असेल तर एएनएम (लस टोचणारी परिचारिका) घाबरते.

---

रामबागी

बीसीजी कातडीतच असते, नसेशी संबंध नाही. द्यायची. पण लुळेपणाची नोंद टोचण्याआधी कार्डावर हवी, नाहीतर उद्या घरचे म्हणणार सुईने हात गेला.

---

कोपर काटकोनात

आणि बाजू अक्षरी लिहा. ‘उजवा हात’. बाण नको, आद्याक्षर नको. बाळ समोर उताणं असताना लिहिणाऱ्याचा उजवा आणि बाळाचा उजवा उलटे असतात. महिनाभर चांगल्या हाताचा व्यायाम करून आणलेली बाळं येतात.

---

लेबररूमवाली सिस्टर

हिंदीत लिहा म्हणजे आशालाही वाचता येईल. ‘दायाँ हाथ’. आणि डिस्चार्जच्या आधी आईकडून तो हात धरून दाखवून घ्या.